नकाशाच्या पत्त्यामागचं ते ८१२३

माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरवर डायनमॅप हे नकाशा काढणारं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) टाकलं, सर्व्हर पुन्हा चालू केला, ब्राउझरमध्ये आयपी पत्ता लिहून पुढे कोलन आणि ८१२३ टाकलं, की माइनक्राफ्टमधलं आपलं अख्खं जग वरून दिसायला लागतं. महिनोन् महिने ज्या डोंगराला वळसा घालून जात होतो, तो नकाशावर नखाएवढा निघतो. सोबत खेळणाऱ्यांना हे कधी दाखवतो असं होऊन जातं. पण आकड्यांचा तो पत्ता कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून डोमेन घ्यायचं, ते सर्व्हरच्या आयपीकडे वळवायचं आणि मोठ्या उत्साहानं ब्राउझरमध्ये नाव टाइप करायचं. पान काही उघडत नाही. त्याच नावानं गेममध्ये मात्र बिनधास्त शिरता येतं.

इथे बरेच जण प्लगइनला दोष देतात आणि ते काढून परत टाकतात. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. गेमचा वेब-नकाशा म्हणजे खरं तर तीन वेगवेगळी कामं: जगाचं चित्र काढणं, ते चित्र ब्राउझरला वाढणं, आणि त्या जागेला नाव देणं. तिन्ही कामं वेगळे प्रोग्रॅम करू शकतात, कधी कधी तर वेगळी यंत्रं. कुठलं काम अडलंय एवढं ओळखता आलं की पुढचं सगळं हातात येतं.

चित्र कुठून येतं

माइनक्राफ्टचं जग डिस्कवर तुकड्यांनी साठवलेलं असतं. १६ बाय १६ ठोकळ्यांचा एक चंक, आणि ३२ बाय ३२ चंकांची एक रीजन फाइल. म्हणजे एका फाइलमध्ये ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा प्रदेश. नकाशाचं प्लगइन हे चंक वाचतं, प्रत्येक ठोकळ्याचा रंग ठरवतं आणि चौकोनी चित्रं तयार करतं. या चित्रांना टाइल म्हणतात. ब्राउझरमध्ये आपण नकाशा सरकवतो तेव्हा जेवढ्या टाइल पडद्यावर मावतात तेवढ्याच मागवल्या जातात. सरकवण्याचं आणि झूमचं काम डायनमॅपमध्ये लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी करते. २०११ साली आलेली ही लायब्ररी खऱ्या जगाच्या असंख्य नकाशांतही वापरली जाते.

आता जरा हिशेब करू, कारण पुढची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. समजा तुमच्या जगाची हद्द मध्यापासून चारही बाजूंना ५,००० ठोकळे आहे. म्हणजे १०,००० बाय १०,०००, एकूण दहा कोटी ठोकळे. सरळ वरून पाहणारा नकाशा, एका ठोकळ्याला एक पिक्सेल आणि १२८ बाय १२८ पिक्सेलची टाइल धरली, तर सुमारे ६,१०० टाइल लागतात. हे काहीच नाही. पण ठोकळ्याची एक बाजू ४ पिक्सेलची केली की संख्या सोळापट होते, जवळपास ९८ हजार. १६ पिक्सेलची केली तर २५६ पट, म्हणजे साडेपंधरा लाखांच्या वर. शिवाय दूरून पाहण्यासाठी प्रत्येक चार टाइलची मिळून एक लहान टाइल, त्या चारांची आणखी एक, अशी उतरंड रचावी लागते. तिच्यामुळे एकूण संख्या आणखी एक तृतीयांशानं वाढते. हा झाला एका नकाशाचा हिशेब. तिरका नकाशा, रात्रीचा नकाशा, गेममधलं नेदर हे दुसरं जग असं वाढवत गेलात की डिस्क कधी भरली ते कळतही नाही. कित्येकदा जागा शिल्लक असते आणि फाइलींच्या संख्येची मर्यादा आधी संपते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की नकाशा रेंडर करण्याआधी, म्हणजे त्याची चित्रं काढायला लावण्याआधी, जगाला हद्द घाला. हद्द नसेल तर एखादा हौशी खेळाडू सरळ रेषेत उडत राहतो, त्याच्या मागे नवे चंक तयार होत जातात आणि नकाशाचं प्लगइन त्याच्या मागून धावत राहतं. पूर्ण रेंडर सुरू करायचा तो गर्दी नसताना, आणि रेंडरच्या थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या कमी ठेवून. काम अर्धवट थांबवून नंतर पुढे चालू करता येतं, त्यामुळे घाई करायचं कारणच नाही.

ब्लूमॅप या दुसऱ्या प्लगइनची रीत निराळी आहे. ते ब्राउझरला तयार चित्रं देत नाही, ठोकळ्यांचे आकार आणि पृष्ठभाग देतं, आणि त्यातून त्रिमितीय दृश्य उभं करण्याचं काम पाहणाऱ्याच्या यंत्रातली ग्राफिक्स चिप करते. म्हणूनच त्यात पाखरासारखं खाली उतरून गल्लीतून फिरता येतं, आणि म्हणूनच जुन्या फोनवर ते धापा टाकतं. ब्लूमॅप टाकल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही म्हणून घाबरू नका. ठोकळ्यांवरची मूळ चित्रं त्याला गेम बनवणाऱ्या मोजांगच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावी लागतात आणि त्यासाठी ते तुमची स्पष्ट संमती मागतं. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट डाउनलोड'समोर 'ट्रू' लिहिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

तिसरा पर्याय स्क्वेअरमॅप. फक्त वरून दिसणारा सपाट नकाशा, त्यामुळे हलका. सर्व्हरला मेमरी बेताची असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवेन. इमारती मिरवायच्या असतील तर ब्लूमॅप. आणि जमिनीच्या हक्कांच्या किंवा गावांच्या जुन्या प्लगइनशी जोडायचं असेल तर डायनमॅप, कारण जोडणी करून देणारी पूरक प्लगइनं त्याच्यासाठी सर्वात जास्त आहेत.

नावाला पोर्ट कळत नाही

पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरच्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमांची क्रमांक दिलेली दारं. डायनमॅप मुळात ८१२३ या पोर्टवर ऐकतं, ब्लूमॅप ८१०० वर, स्क्वेअरमॅप ८०८० वर. गेम स्वतः २५५६५ वर. एकाच यंत्रावर, एकाच आयपीवर हे सगळे आपापला पोर्ट धरून बसलेले असतात.

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, आपण जो 'ए' रेकॉर्ड भरतो, त्यात फक्त 'या नावाचा आयपी हा' एवढंच लिहिता येतं. पोर्टसाठी त्यात रकानाच नाही. सी-नेम रेकॉर्डमध्येही नाही. तो फक्त 'हे नाव म्हणजे ते नाव' एवढं सांगतो. मग पोर्ट ठरवतं कोण? समोरचा प्रोग्रॅम, स्वतःच्या सवयीनं. माइनक्राफ्टला नुसतं नाव दिलं की ते २५५६५ गृहीत धरतं. ब्राउझर साध्या एचटीटीपी पत्त्याला ८० आणि सुरक्षित एचटीटीपीएसला ४४३ धरतो. तुमच्या यंत्रावर ४४३ वर कुणीच ऐकत नसतं, म्हणून गेम चालतो आणि पान उघडत नाही.

'पण माझा गेम तर २५५६५ वर नाही, तरी नुसत्या नावानं जोडला जातो!' असंही कुणी म्हणेल. ती करामत एसआरव्ही रेकॉर्डची. त्याचं नाव अंडरस्कोअर माइनक्राफ्ट, टिंब, अंडरस्कोअर टीसीपी असं सुरू होतं आणि त्यात पोर्ट लिहिता येतो. गेमची जावा आवृत्ती जोडणी करण्याआधी हा रेकॉर्ड विचारते. ब्राउझर वेबपानासाठी तो विचारत नाहीत. त्यामुळे नकाशासाठी एसआरव्ही भरण्यात घालवलेला वेळ वाया जातो, आणि बरेच जण तो घालवतात.

नकाशाला गेमच्याच नावावर बसवू नका, वेगळं सबडोमेन द्या: मॅप.उदाहरण.कॉम असं काहीतरी. उद्या गेम एका यंत्रावर आणि नकाशा दुसऱ्यावर हलवावा लागला तर फक्त एक रेकॉर्ड बदलावा लागेल.

मधला माणूस

आता ते ८१२३ पत्त्यातून घालवायचं कसं? नकाशाच्या प्लगइनलाच थेट ८० पोर्ट द्यायचा एक मार्ग आहे, पण तो मला पटत नाही. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला सहसा मिळत नाहीत, आणि तेवढ्यासाठी गेमचा सर्व्हर रूट म्हणून, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देऊन, चालवणं म्हणजे सुई हवी म्हणून अख्ख्या कपाटाची किल्ली देणं. शिवाय एचटीटीपीएसचा प्रश्न तसाच राहतो.

चांगला मार्ग रिव्हर्स प्रॉक्सीचा. एनजिनेक्स किंवा कॅडी यांपैकी एक वेब सर्व्हर त्याच यंत्रावर ८० आणि ४४३ वर बसवायचा. एका क्लिकचा प्रवास पाहा. खेळाडू नाव टाइप करतो. ब्राउझर डीएनएसला आयपी विचारतो आणि त्या आयपीच्या ४४३ वर जातो. तिथे प्रॉक्सी बसलेला असतो. विनंतीत कुठलं नाव मागितलंय ते तो वाचतो, ते नकाशाचं आहे असं दिसलं की तीच विनंती यंत्राच्या आतल्या आत १२७.०.०.१ च्या ८१२३ वर नेऊन देतो, आलेलं उत्तर घेतो आणि ब्राउझरला परत करतो. आतला पोर्ट बाहेरच्याला कधीच दिसत नाही.

कॅडीमध्ये एवढ्याला तीन ओळी लागतात: पहिल्या ओळीत नाव आणि उघडा महिरपी कंस, दुसरीत 'रिव्हर्स प्रॉक्सी' हा आदेश आणि आतला पत्ता, तिसरीत बंद कंस. एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट ते स्वतःच मिळवतं आणि स्वतःच नूतनीकरण करतं. एनजिनेक्समध्ये ओळी जास्त आहेत आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट सर्टबॉट या प्रोग्रॅममार्फत घ्यावं लागतं, पण त्यावर माहितीही उदंड आहे. ही सर्टिफिकेटं साधारण ९० दिवसांची असतात. नूतनीकरणाच्या वेळी पडताळणी सहसा ८० पोर्टवरून होते. 'आता सगळं एचटीटीपीएसवर आहे' म्हणून ८० बंद केला, तर तीन महिन्यांच्या आत नकाशावर लाल इशारा झळकतो, आणि तोवर आपण ८० बंद केलेला असतो हेच विसरून गेलेलो असतो.

प्रॉक्सी नीट चालला की दोन कामं लगेच करा. नकाशाच्या अंतर्गत वेब सर्व्हरला फक्त १२७.०.०.१ वर बांधा, आणि फायरवॉलमध्ये ८१२३ बंद करा. नाहीतर पुढचं दार कुलपात आणि मागचं सताड उघडं अशी गत होते. प्रॉक्सी दुसऱ्या यंत्रावर असेल तर १२७.०.०.१ चालणार नाही. तिथे फायरवॉलमध्ये त्या एकाच यंत्राला वाट द्या. आणखी एक बारीक गोष्ट: प्रॉक्सीमागे गेल्यावर नकाशाला सगळे पाहुणे एकाच आयपीचे वाटतात. नकाशावरून गप्पा मारण्याची सोय चालू असेल तर एकाच्या आगाऊपणाची शिक्षा सगळ्यांना होऊ शकते. म्हणून खरा आयपी विनंतीच्या हेडरमधून, म्हणजे सोबतच्या माहितीतून, पुढे पाठवायला प्रॉक्सीला सांगा, आणि डायनमॅपच्या विश्वासू प्रॉक्सींच्या यादीत त्याचा पत्ता आहे ना ते पाहा.

जिथे रूट मिळत नाही

वरचं सगळं स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे पूर्ण ताबा असलेला भाड्याचा सर्व्हर, असेल तर. तयार गेम होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ना ८० मिळतो ना ४४३; मिळतो एखादा जास्तीचा पोर्ट, तोही मागून. तिथे सगळ्यात साधा उपाय म्हणजे डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमधून रीडायरेक्ट लावणं. नाव टाइप केलं की ब्राउझर पोर्टसकटच्या पत्त्यावर जातो. पत्ता देखणा राहत नाही, पण लक्षात ठेवायला नाव मिळतं. पत्ता झाकून ठेवणारं रीडायरेक्ट मात्र टाळा. त्यात तुमचं पान एका चौकटीत बसवलेलं असतं, आणि बाहेरचं पान एचटीटीपीएस व आतला नकाशा एचटीटीपी असेल तर ब्राउझर ती चौकट सरळ कोरी ठेवतो.

दुसरा उपाय म्हणजे चित्रं गेमच्या यंत्रावर काढायची आणि साध्या वेब होस्टिंगवरून वाढायची. डायनमॅप आणि ब्लूमॅप दोघंही टाइल डेटाबेसमध्ये ठेवू शकतात, आणि पीएचपी असलेलं साधं होस्टिंग तिथून त्या वाचू शकतं. मेहनत जास्त आहे, पण गेमचा सर्व्हर बंद असतानाही नकाशा चालू राहतो, हे सुख वेगळंच.

घरच्या यंत्रावर सर्व्हर असेल तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो. ते करूनही बाहेरून काहीच पोचत नसेल तर राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुमच्या सेवादात्यानं अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवलंय. अशा वेळी राउटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. टनेल (बाहेरच्या यंत्रामार्फत वाट काढून देणारी सेवा) वापरा किंवा सार्वजनिक आयपी मागून घ्या.

डीएनएससाठी क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. रेकॉर्डसमोरचा ढग केशरी असला की रहदारी त्यांच्या यंत्रांतून जाते, आणि ती ठरावीक पोर्टांवरच स्वीकारली जाते: ८०, ४४३, ८०८०, ८४४३ आणि आणखी काही. त्या यादीत ८१२३ नाही, ८१०० नाही, आणि गेमचा २५५६५ सुद्धा नाही. म्हणून गेमच्या रेकॉर्डचा ढग करडा ठेवायचा आणि नकाशाचा हवा तर केशरी. पण दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर नकाशाचा ढग केशरी करून आयपी लपला असं समजू नका. गेमच्या रेकॉर्डवरून तो कुणालाही दिसतो.

काही उघडत नसेल तर आतून बाहेर तपासत या. आधी त्याच यंत्रावरून १२७.०.०.१ च्या ८१२३ ला विनंती करून पाहा. उत्तर नाही आलं तर दोष प्लगइनचा. बाहेरून ५०२ आला तर प्रॉक्सी जिवंत आहे आणि त्याच्यामागचा नकाशा नाही. पान नुसतंच फिरत राहून शेवटी वेळ संपली तर बहुधा फायरवॉल. नावच सापडत नाही असं आलं तर डीएनएस. आणि बटणं दिसतात पण मधे नुसता काळा पडदा असेल तर वेबचं सगळं ठीक आहे, रेंडरच व्हायचा आहे.

आपला वाटेल असा नकाशा

डायनमॅपच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पानाचं शीर्षक बदलता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच फाइलमध्ये संदेशांचा एक विभाग आहे, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नकाशावर इंग्रजीत दिसणारी 'मॅप टाइप्स', 'प्लेयर्स' ही लेबलं तिथे असतात. त्या जागी 'नकाशाचे प्रकार', 'खेळाडू' लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. पहिल्यांदा ते पान मराठीत उघडलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. एक काळजी घ्या: ही फाइल वायएएमएल पद्धतीची आहे. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा स्पेसनंच द्यायची. एक टॅब चुकून पडला तरी फाइल वाचता येत नाही.

रंग आणि अक्षरं बदलायची तर मूळ सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या) फाइलला हात लावू नका; त्यासाठी 'ओव्हरराइड' नावाची रिकामी फाइल ठेवलेली आहे, तिच्यात लिहा. आणि स्वतःच्या बदलांची प्रत बाजूला ठेवा. प्लगइन अद्ययावत झालं की वेब फोल्डरमधल्या फाइली पुन्हा लिहिल्या जातात. ब्लूमॅपमध्ये तुमच्या सीएसएस आणि स्क्रिप्टची नावं वेबअ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये नोंदवायची सोय आहे, ती जास्त टिकाऊ.

पण नकाशाला खरा जीव येतो तो खुणांनी. एखादी खूण म्हणजे तीन आकडे आणि एक नाव. समजा 'जुना पूल': एक्स २१२, वाय ६८, झेड उणे ९४०. एक्स वाढला की पूर्व, झेड वाढला की दक्षिण. म्हणजे हा पूल मध्यापासून बराच उत्तरेला आणि थोडा पूर्वेला. हे आकडे गेममध्ये एफ ३ दाबून मिळतात. नवख्या खेळाडूला नुसत्या हिरव्या-तपकिरी पटावरून काही कळत नाही. पण 'पहिला मुक्काम', 'जळालेलं गोदाम', 'इथे पाणी खोल आहे' अशा दहा खुणा दिसल्या की तो विचारायला लागतो, गोदाम का जळालं?

कोण कुठे दिसतं

सुरुवातीला मी खेळाडूंच्या जागा थेट नकाशावर दिसू दिल्या होत्या. छान वाटायचं, चेहऱ्यांची छोटी चित्रं इकडून तिकडे सरकत असायची. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा शांतपणे एका टेकडीखाली कोठार खणत होता. वरून तिथे नुसतं गवत. पण त्याचं नाव रोज त्याच गवतावर तासन् तास थांबलेलं दिसायचं. कुणीतरी नकाशा पाहिला, सरळ खाली खणलं आणि कोठार रिकामं केलं. त्या मुलानं कुणावर आरोप केला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की त्यांना कळलं कसं. चूक माझी होती. मी त्याची जागा जगजाहीर करून ठेवली होती, तीही त्याला न विचारता.

यावर उपाय सोपे आहेत आणि ते पहिल्याच दिवशी करायला हवेत. डायनमॅपमध्ये वाकून चालणारे, छपराखाली असलेले आणि अंधारात असलेले खेळाडू लपवण्याच्या वेगवेगळ्या सेटिंग आहेत. ब्लूमॅपमध्येही वाकलेल्यांना, अदृश्य झालेल्यांना आणि आकाशाचा उजेड न पोचणाऱ्या जागी असलेल्यांना लपवता येतं. त्रिमितीय नकाशात गुहाही पाहा: ठरावीक उंचीच्या खालच्या गुहा ब्लूमॅप मुळात काढून टाकतं, ती मर्यादा शोभेसाठी खाली नेलीत तर लोकांची तळघरंही सोबत उघडी पडतील. आणि नकाशा फक्त ओळखीच्यांसाठी असेल तर प्रॉक्सीवरच साधा पासवर्ड लावा.

आमच्याकडे मी डायनमॅपमधली 'डिस्प्ले व्हाइटलिस्ट' चालू केली. त्यामुळे आपोआप कुणीच दिसत नाही; ज्याला दिसायचं असेल तो चॅटमध्ये 'डायनमॅप शो' हा आदेश देतो आणि यादीत जातो. त्या मुलानं तो आदेश अजून दिलेला नाही, पण 'जुना पूल' ही खूण नकाशावर लावायला त्यानंच सांगितलं.